नवव्या प्रकरणातली मैत्रीण

३ सप्टेंबर, मंगळवार

ही डायरी आईला दातांचं सामान विकणाऱ्या कंपनीकडून फुकट मिळाली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक दाढ छापली आहे, ती हसतेय. अशा डायरीत माणसानं आपलं अंतरंग उघडं करावं का, यावर मी दोन दिवस विचार केला. पण दुसरी डायरी नाही आणि अंतरंग तर उतू चाललंय.

कारण मी ते पुस्तक वाचलं. निळ्या कव्हरचं. ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या, "तुझ्या वयाच्या सगळ्या मुली हेच नेतायत, पंधरा दिवसांत परत आण." मी पावणेदोन दिवसांत संपवलं. आता दुसऱ्यांदा वाचतेय, कारण पहिल्यांदा वाचताना मी पानं वाचत नव्हते, गिळत होते.

नायिका सोळा वर्षांची आहे. तिचं शहर कायम धुक्यात असतं आणि तिला माणसांनी लपवलेलं दिसतं. म्हणजे समोरच्यानं काही लपवलं की तिला त्याच्या डोळ्यांत धुकं दिसतं. तिला आईवडील नाहीत. एक मुलगा आहे, राखाडी डोळ्यांचा. तो बोलत नाही, भिंतीला टेकून उभा राहतो.

माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी पंधरा वर्षांची आहे, दोन्ही पालक धडधाकट आहेत आणि वर आनंदीही आहेत. आई कवळ्या बनवते. मागच्या खोलीत तिचं काम चालतं, त्यामुळे आमच्या घरात फडताळ उघडलं की कुणाचा तरी वरचा जबडा दिसतो. बाबा पाणी खात्यात मीटर वाचतात. मी जेवताना म्हटलं, "तुम्ही कोणी काही वाचतच नाही." तर बाबा म्हणाले, "मी रोज दीडशे वाचतो."

असल्या घरात शोकांतिका कुठून येणार?

५ सप्टेंबर, गुरुवार

शाळा सुटल्यावर शिट्टीला पुस्तकाची गोष्ट सांगितली. शिट्टी म्हणजे माझी मैत्रीण, पहिलीपासूनची. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारते की रस्त्यापलीकडचा कुत्रा उठून बसतो. ती मला वटवटे म्हणते. का ते मला माहीत नाही.

आम्ही सायकल स्टँडच्या कठड्यावर बसलो होतो. ती मध्येच म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय." मी म्हटलं, "थांब, आधी हे प्रकरण होऊ दे." मग प्रकरण झालं, पण ते फारच वाईट ठिकाणी संपतं, म्हणून पुढचंही सांगावं लागलं. तोवर तिचे बाबा गाडी घेऊन आले. ती म्हणाली, "मला माप द्यायला जायचंय," आणि गेली.

माप! म्हणजे नवा ड्रेस शिवतेय. आणि मला कापडसुद्धा दाखवलं नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

मधल्या सुट्टीत मी वाचनालयाच्या भिंतीला टेकून उभी राहिले, काही न बोलता. दहा मिनिटं. गणिताच्या सरांनी विचारलं, "पोटात दुखतंय का?"

शिट्टी पुन्हा म्हणाली की काहीतरी सांगायचंय. मी म्हटलं, सांग की. तर ती नुसतीच बुटाकडे बघत राहिली. मला नायिकेच्या दंडावरच्या खुणेविषयी काही सुचलं होतं, ते मी सांगितलं. मग घंटा झाली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

शिट्टी बदलली आहे. निरीक्षणं लिहून ठेवते, नायिकाही ठेवते.

एक. तिनं तिच्या दादाचा शर्ट घातला होता. त्यात आणखी एक शिट्टी मावली असती. नवा ड्रेस शिवून दादाचा शर्ट कोण घालतं?

दोन. ती ताठ बसते. राणी बसते तशी. हाक मारली तर नुसती मान वळवत नाही, सगळीच्या सगळी वळते. एवढा तोरा!

तीन. डब्यातलं अर्धंच सँडविच खाल्लं. उरलेलं मला दिलं. मी खाल्लं. (याला काही अर्थ आहे का ते ठाऊक नाही. चांगलं होतं.)

चार. कठड्यावर बसायला आली नाही. म्हणाली, "आज नको, उभ्याउभ्या बोलू." बोलण्यासारखं काही होतं म्हणे. मी म्हटलं, उभ्याउभ्या मला नाही जमत. माझे पाय दुखतात.

मी आईला म्हटलं, "शिट्टी काहीतरी लपवतेय."

आई एका कवळीला मेण लावत होती. ती म्हणाली, "मग तिला सांगू दे की."

"ती सांगत नाही ना!"

"तू ऐकतेस का?"

आईला गूढ वगैरे कळत नाही. तिचं सगळं लक्ष हिरड्यांत.

१७ सप्टेंबर, मंगळवार

नववं प्रकरण तिसऱ्यांदा वाचलं आणि अंगावर काटा आला. नवव्या प्रकरणात नायिकेची जिवाभावाची मैत्रीण तिला दगा देते. त्याआधी ती काय काय करते? तिच्याजवळ बसायचं टाळते. नजर चुकवते. कपडे बदलते. आणि दर आठवड्याला एका माणसाला भेटायला जाते!

शिट्टी गेल्या आठवड्यात दोनदा शाळा बुडवून कुठेतरी गेली. विचारलं तर म्हणाली, "कामं होती." आणि काल मी तिला मिठी मारायला गेले, तर चक्क मागे सरली.

उद्या मी तिला विचारणार. सगळ्यांसमोर. नायिकाही भर चौकात विचारते. तिचं वाक्य मी पाठ केलंय.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज काही लिहीत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

लिहिते. न लिहून काल रात्री काही बरं वाटलं नाही.

काल मधल्या सुट्टीत शिट्टी पाण्याच्या नळाशी उभी होती. वर्गातली निम्मी मुलं तिथेच होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तुझ्या डोळ्यांतलं धुकं मला दिसतं."

ती म्हणाली, "काय?"

"तू माझ्यापासून काय लपवतेस ते सांग. इथे. आत्ता."

"वटवटे, इथे नको." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "संध्याकाळी घरी ये. सांगते."

पुस्तकात मैत्रीण 'संध्याकाळी' म्हणाली की नायिका समजून चुकते. शिट्टी वळली, निघाली. आणि मी तिच्या पाठीत धपका मारला. जोरात नव्हता. बरं, जोरात होता.

टक् असा आवाज आला. बादलीवर मूठ मारल्यावर येतो तसा. माझी बोटं अशी कळवळली की मीच ओरडले.

मग वर्गातला टवाळ (याला एरवी पाचाचा पाढा म्हणतानाही धाप लागते) पुढे आला, त्यानं दादाच्या शर्टावरून तिच्या पाठीवर दोनदा वाजवलं आणि म्हणाला, "अरे, ही तर कासव आहे!" मग हशा.

शिट्टीनं माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. ती नुसतीच बघत होती, हे मी त्या मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की काय, अशी. मग दप्तर न घेताच घरी गेली.

तिचं दप्तर मी आणलं. माझ्या पलंगाखाली आहे. ते देऊन यायला हवं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

शिट्टी शाळेत आली नाही. फळ्यावर कुणीतरी कासव काढलं होतं. मी पुसलं. दुसऱ्या तासाला पुन्हा होतं.

संध्याकाळी मागच्या खोलीत जाऊन आईला सगळं सांगितलं. आईनं कवळ्या घासायच्या चक्कीची मोटर बंद केली. ती काम चालू असताना कधी मोटर बंद करत नाही. आत्याचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा चालू होती.

"तिच्या कण्याला बाक आलाय," आई म्हणाली. "वाढत्या वयात येतो काही मुलींना. तो वाढू नये म्हणून प्लॅस्टिकचा पट्टा घालायचा. जवळजवळ दिवसरात्र. काखेपासून कमरेपर्यंत."

"तुला माहीत होतं?"

"तिच्या आईनं सांगितलं. पण शिट्टीनं तिला अट घातली होती, वटवटेला मीच सांगणार. मग मी कशी बोलू?"

मी रडले. रडताना लक्षात आलं की मी मध्येच आरशात बघतेय, म्हणून आणखी रडले.

आई म्हणाली, "माझ्याकडे माणसं येतात ना, एकही दात नसलेली, ती तोंडावर रुमाल धरून येतात. सोसायटीत आवाज चढवणारी माणसं, इथे बसली की त्यांना रुमाल काढवत नाही. मी काही म्हणत नाही. मेण गरम करते, हवापाण्याच्या गप्पा मारते. कधीतरी तो रुमाल ती स्वतःच खाली ठेवतात. तू ओढून काढलास, बाई."

हे बोलताना आईनं माझी सुजलेली बोटं थंड पाण्यात धरली होती. रागावली असती तर परवडलं असतं.

२२ सप्टेंबर, रविवार

दप्तर घेऊन गेले. दार काकूंनी उघडलं. काकू म्हणजे शिट्टीची आई. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बोटं बरी आहेत का? पट्ट्याला काही झालेलं नाही."

शिट्टी खोलीतून बाहेर यायला तयार नव्हती. काकू म्हणाल्या, "बसतेस तर मटार सोल." पाटीभर मटार होते. एवढे मटार त्यांना खरंच लागणार होते का, शंका आहे.

तासाभरानं शिट्टी पाणी प्यायला आली.

"अजून आहेस?"

"मटार संपले नाहीत."

"सॉरी म्हणायला आलीस का मटार सोलायला?"

"सॉरी म्हणायला. पण काकूंनी..."

"मग म्हण."

म्हणाले. पुस्तकात माफी मागताना वारा सुटतो आणि पोशाख फडफडतो. इथे फ्रीज घरघरत होता आणि माझ्या मांडीवर सालं होती. ती टेबलाच्या कडेला उभी राहून एकेक दाणा तोंडात टाकत होती.

"तू त्या दिवशी काय म्हणालीस? माझ्या डोळ्यांत काय दिसतं?"

"धुकं," मी म्हणाले. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

"धुकं! वटवटे, पट्टा पोटावर दाबतो. मला चार दिवस संडासला झालं नव्हतं."

मला हसू आलं, ते मी दाबलं. तिनं ते पाहिलं.

"हे कुठून शिकलीस? त्या पुस्तकातून?"

"नवव्या प्रकरणातून. त्यात नायिकेची मैत्रीण..." आणि मग सगळं सांगावंच लागलं.

"मग पुढे काय होतं तिचं?"

"नायिकेचं?"

"मैत्रिणीचं!"

"ती दहाव्या प्रकरणात पुलावरून पडते."

"मरते?"

"हो. पण नायिका खूप रडते. अडीच पानं."

"अडीच पानं," शिट्टी म्हणाली. "वा! माझ्यासाठी किती लिहिलीस तुझ्या त्या दाढेच्या डायरीत?"

मी म्हणाले, मोजून सांगते. मग ती खुर्चीवर बसली. बसायला तिला वेळ लागतो, सरळ खाली यावं लागतं. बसल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तीनदा सांगायला आले होते."

मी म्हणाले, "दोनदा."

घरी येऊन मागची पानं वाचली. तीनदाच. ५ तारीख, ९ तारीख, १२ तारीख. सगळं माझ्याच अक्षरात आहे. माप, शर्ट, अर्धं सँडविच. कुठलीही गोष्ट सुटलेली नाही. मीच लिहिलंय आणि मलाच वाचता आलं नाही. बाबा बरे, ते निदान आकडा बघून आकडाच लिहितात.

२५ सप्टेंबर, बुधवार

शिट्टी अजून शाळेत येत नाही. तिनं मला माफ केलंय की नाही तेही कळत नाही. ती म्हणते, "ठरवतेय." पण संध्याकाळी आलेलं चालतं म्हणे, कारण पट्टा काढल्यावर तिला जमिनीवर झोपून व्यायाम करायचे असतात आणि ते भयंकर कंटाळवाणे असतात. म्हणून मी वाचून दाखवते. तिनंच सांगितलं, तेच पुस्तक आण, माझी बदनामी कुठून सुरू झाली ते बघू.

तिला पुस्तक ऐकण्याची अजिबात शिस्त नाही. "ही जेवते कधी?" "एवढ्या चिखलातून पळते आणि झगा पांढराच, धुतं कोण?" "तो राखाडी डोळ्यांचा, त्याला दुसरं काही काम नाही का? भिंत पडेल बिचारी." मी रागावले. मग तिला वाटतं तसं मलाही वाटायला लागलं आणि आणखीच रागावले.

आज नववं प्रकरण आलं. मी म्हटलं, गाळू या. ती म्हणाली, "वाच." वाचलं. मोठ्यानं वाचताना एक लक्षात आलं, मैत्रीण सारखी म्हणते 'माझं ऐक' आणि नायिका प्रत्येक वेळी दाराकडे चालू लागते. मी तीन वाचनांत ते 'माझं ऐक' पाहिलंच नव्हतं.

पाय हवेत धरून शिट्टीनं विचारलं, "तिला भाऊ होता का? घरी कोण होतं तिच्या?"

पानं उलटून पाहिली. काहीच दिलेलं नाही.

तरी एक लिहून ठेवते, ते पुस्तक मला अजून आवडतं. शिट्टीला सांगणार नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

शिट्टी उद्यापासून शाळेत येणार. मी भाषण लिहिलंय. दोन पानी. वर्ग सुरू होण्याआधी मी फळ्यापाशी उभी राहून सगळ्यांना लाज वाटायला लावणार. दुसऱ्या पानावर तर मलाच भरून येतं.

शिट्टीला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "यात मी किती वेळा येते?"

मोजलं. चारदा. मी एकोणीस वेळा.

"तू काही करू नकोस," ती म्हणाली. "फक्त माझ्या बाकावर बस. आणि तोंड बंद."

"पूर्ण दिवस?"

"पहिला तास तरी."

३० सप्टेंबर, सोमवार

दोघी एकदमच वर्गात शिरलो. शिट्टीनं दादाचा शर्ट नव्हता घातला, स्वतःचा घातला होता. पट्ट्याची कड गळ्याशी दिसत होती. टवाळ ओरडला, "कासव आलं रे!"

माझा हात खिशातल्या भाषणावर गेला. शिट्टीनं एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हात बाहेर काढला.

ती त्याच्या बाकापाशी गेली. "वाजव."

"काय?"

"त्या दिवशी दोनदाच वाजवलंस. पूर्ण कर ना. वाजव."

त्याचे कान लाल झाले. तो वहीत बघायला लागला. वही उलटी होती.

"नाही? बरं, मग मीच सांगते." ती वर्गाकडे वळली, अख्खी. "प्लॅस्टिक आहे. दिवसाचे तेवीस तास. एक तास सुट्टी, त्यातच अंघोळ आणि व्यायाम. अजून कुणाला काही विचारायचंय?"

मग मागच्या बाकावरची, जी कधीच कुणाशी बोलत नाही, ती म्हणाली, "खाज आली तर?"

"फूटपट्टी घालते."

"पोचते?"

"पोचते. शनिवारी ती आतच राहिली, दादानं उलटी धरून हलवली मला."

हसले सगळे, पण ते वेगळं हसणं होतं. टवाळ हसला नाही. मधल्या सुट्टीत तो तिच्यासमोर येऊन काहीतरी पुटपुटला आणि पळाला. ती म्हणते सॉरी होतं, मला 'चौरस' ऐकू आलं.

हे सगळं चालू असताना ती दगडासारखी उभी होती. पण बाकावर येऊन बसली तेव्हा तिचे गुडघे लटलट कापत होते. मी माझं दप्तर तिच्या मांडीवर ठेवलं, जड होतं, त्यानं कापणं थांबलं. बोलले नाही. सरांनी दोनदा विचारलं, आज तब्येत ठीक आहे का.

भाषण चांगलं होतं पण.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडत नव्हतं. घटक चाचणी झाली, बाबांना एक कुत्रा चावता चावता राहिला, एका आजोबांची कवळी आईनं तिसऱ्यांदा दुरुस्त केली. शिट्टी आणि मी दोनदा भांडलो, दोन्ही वेळा तिचं चुकलं होतं.

आज तिची पहिली तपासणी होती. काकूंनी विचारलं, येतेस का? दवाखान्याच्या बाकावर आम्ही दीड तास बसलो. शिट्टी एकही विनोद करत नव्हती. मी विचारलं नाही. हे मला आता थोडं थोडं जमतं, म्हणजे जिभेवर दात रोवून.

डॉक्टरांनी कण्याचा फोटो दिव्यावर लावला. बाक वाढलेला नाही, म्हणाले. फार छान. पट्टा काम करतोय, असाच चालू ठेवायचा. काकूंनी डोळे पुसले.

बाहेर आल्यावर काकू औषधांच्या खिडकीकडे गेल्या आणि शिट्टी जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मला कळेना. सगळं चांगलंच तर सांगितलं होतं.

मी म्हटलं, "काय झालं?" आणि मग खरंच थांबले.

खूप वेळानं ती म्हणाली, "मला वाटलं होतं, ते म्हणतील काढून टाक." नाक ओढलं. "मूर्खासारखंच. दोन महिन्यांत कसं काढतील? माहीत होतं मला. तरी वाटलं होतं. अजून दोन वर्षं, वटवटे."

अशा वेळी नायिकेला एक वाक्य सुचतं आणि मग सगळं ठीक होतं. मी शोधलं. माझ्या डोक्यात एवढी पुस्तकं आहेत, त्यांतून एकही वाक्य वर येईना.

"काहीतरी बोल ना," ती म्हणाली.

"सुचत नाहीये."

"तुला?"

"मला."

तिनं वळून पाहिलं, सगळीच्या सगळी. मी खरंच गप्प होते. माझ्या डोळ्यांतूनही पाणी यायला लागलं होतं, आणि तिथे आरसा नव्हता. ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. येणारेजाणारे बघत होते. आम्ही बघू दिलं.

तेवढ्यात काकू परत आल्या, हातात डॉक्टरांचा कागद. "अगं, हे सांगायचंच राहिलं. तुझी उंची दीड सेंटिमीटर वाढलीय."

शिट्टीचं रडणं जागच्या जागी थांबलं. "किती?"

"दीड."

तिनं मला दंडाला धरून फिरवलं, पाठीला पाठ लावून उभं केलं. माझ्या पाठीला तिचा पट्टा टणक आणि थोडा गरम लागला. काकूंनी आमच्या डोक्यांवर औषधांची पिशवी आडवी धरली, डोळे बारीक केले, पुन्हा धरली. पिशवी माझ्या बाजूला कलली.

शिट्टीनं बाहीनं नाक पुसलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजपासून," ती म्हणाली, "माझ्याशी वर बघून बोलायचं."